पुढे न टाकलेले पाऊल

पंढरपूरच्या तालमीतील मुलांना मुहम्मद अली ठाऊक असतात, ते त्यांच्या ठोशामुळे. त्यांचे खरे शौर्य मात्र रिंगणाबाहेरचे होते. २८ एप्रिल १९६७ रोजी ह्यूस्टनच्या सैन्यभरती केंद्रात कॅशियस क्ले या जुन्या नावाने त्यांचा पुकारा झाला. पाऊल पुढे टाकणे म्हणजे भरती स्वीकारणे; ते जागचे हलले नाहीत. व्हिएतनामचे युद्ध त्यांच्या श्रद्धेला मान्य नव्हते. (ते ज्या संघटनेत होते तिच्या शिकवणुकीत दोष होते, १९७५ नंतर ते सुन्नी मार्गावर आले.) विश्वविजेतेपद हिरावले गेले, पाच वर्षांची शिक्षा ठोठावली गेली. अपील चालू असल्याने तुरुंग टळला, पण पंचविशी ते अठ्ठाविशी, मुष्टियोद्ध्याची ऐन उमेदीची वर्षे, सामन्यांविना गेली. १९७१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शिक्षा रद्द केली. किताब पुन्हा जिंकला तो १९७४ मध्ये, बत्तिसाव्या वर्षी, किन्शासात. अल्लाह त्यांची मगफिरत करो.