हाबरलांट : एका पेशीतून झाड पाहणारा शास्त्रज्ञ

अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातील राहाता, संगमनेर परिसर डाळिंबाच्या बागांसाठी प्रसिद्ध आहे. या पिकात गुटी कलमांच्या जोडीला आता टिश्यू कल्चरची रोपेही आली आहेत. एका निवडक मातृवृक्षापासून काचेच्या बाटल्यांत वाढवलेली ही हजारो रोपे जनुकीयदृष्ट्या जवळजवळ एकच झाड होय. या तंत्रामागील मूळ कल्पना ज्यांची, त्या गॉटलिब हाबरलांट यांना मात्र हयातीत असे एकही रोप वाढवता आले नाही.

हाबरलांट यांचा जन्म २८ नोव्हेंबर १८५४ रोजी हंगेरीतील मॉद्यारोवार येथे झाला. मध्य युरोपात सोयाबीनच्या लागवडीचा पाया घालणारे फ्रीड्रिख हाबरलांट हे त्यांचे वडील. व्हिएन्ना येथे १८७६ मध्ये डॉक्टरेट मिळवल्यानंतर ते ग्राझ येथे प्राध्यापक झाले. वनस्पतीच्या प्रत्येक भागाची रचना त्याच्या कार्याशी जोडून पाहणारा त्यांचा ग्रंथ १८८४ मध्ये प्रसिद्ध झाला.

वनस्पतीची एकच पेशी सुटी करून तिला पोषण दिले, तर तिच्यातून संपूर्ण वनस्पती उभी राहील काय, हा त्यांचा प्रश्न होता. त्यासाठी त्यांनी निवडलेल्या वनस्पतींत जलपर्णीही होती; पुणेकरांना तिची ओळख करून देण्याची गरज नाही! क्षार आणि साखरेच्या द्रावणात या पेशी काही आठवडे जगल्या, आकाराने वाढल्या, त्यांत स्टार्चही साठला. परंतु एकीचेही विभाजन झाले नाही. १९०२ मध्ये व्हिएन्नाच्या विज्ञान अकादमीपुढे हे अपयश मांडताना त्यांनी आपली कल्पना मात्र सोडली नाही.

उणीव होती ती संप्रेरकांची. पेशीविभाजनास चालना देणाऱ्या द्रव्यांचा माग त्यांनी पुढे बर्लिनमध्ये बटाट्याच्या कापांवर काढला. योगायोग असा, की त्यांचे पुत्र लुडविग हेही संप्रेरकांकडेच वळले आणि संततिनियमनाच्या गोळीचे आद्य प्रवर्तक ठरले. कडव्या विरोधाला तोंड देत असतानाच १९३२ मध्ये लुडविग यांनी आत्महत्या केली. पित्याचे निधन ३० जानेवारी १९४५ रोजी बर्लिन येथे झाले. त्यानंतर दहा वर्षांनी कायनेटिनचा शोध लागला आणि १९६५ मध्ये विमला वसिल व हिल्डेब्रांट यांनी तंबाखूच्या एकाच पेशीपासून संपूर्ण रोप वाढवले.

वृक्षांच्या बाबतीत पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे कार्य मोलाचे आहे. तेथील शास्त्रज्ञांनी १९८० मध्ये जुन्या सागवृक्षांपासूनही ऊतिसंवर्धनाने रोपे तयार करण्याची पद्धत प्रसिद्ध केली. बियांपासून वाढलेला प्रत्येक साग वेगळा निघतो. उत्तम वृक्षाची हुबेहूब प्रत हवी, तर हाच मार्ग.

डाळिंबात हा सारखेपणा तसा जुनाच आहे, कारण गुटी कलम हीदेखील मातृवृक्षाची प्रतच असते. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने शिफारस केलेला ‘भगवा’ असाच गावोगाव पसरला आणि एकसारखी, लालबुंद फळे बाजारात आली. पण जिवाणूजन्य तेल्या रोग आला, तेव्हा बागेतील सारी झाडे त्याला सारखीच बळी पडणारी निघाली. रोगट झाडावरची गुटी रोगही सोबत घेऊन येते. काळजीपूर्वक तपासलेले टिश्यू कल्चरचे रोप निरोगी येते, हा फायदा खरा. मात्र निरोगी रोप म्हणजे रोगप्रतिकारक रोप नव्हे. शेजारच्या बागेतून वाऱ्या-पावसाबरोबर जिवाणू आला, की ‘भगवा’ तो ‘भगवा’च. तेल्याला दाद न देणाऱ्या वाणासाठी संशोधकांना संकर करून, बियांतून उगवलेल्या परस्परांहून वेगळ्या झाडांतच शोध घ्यावा लागतो.