समुद्र कोणास भितो?

हिंदुस्थानास येण्याचा जलमार्ग ज्याने युरोपास उघडून दिला, त्या वास्को द गामाचे नाव आमच्या शाळांतील मुलांस तोंडपाठ असते, आणि १४९८ हे सालही ती पाठ म्हणून दाखवितात. परंतु त्याच्या आयुष्याचा शेवटला अध्याय ह्या पश्चिम किनाऱ्याच्या समुद्रात एका विलक्षण प्रसंगाने सुरू झाला, आणि त्या प्रसंगाची खूण रत्नागिरी जिल्ह्यातील केळशी गावच्या वाळूत विद्वान लोकांनी शोधली आहे, ही गोष्ट फार थोड्यांस ठाऊक आहे. म्हणून त्याचे चरित्र आम्ही येथे संक्षेपाने सांगत आहो.

वास्कोचा जन्म पोर्तुगाल देशातील सीनिश ह्या बंदरी पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात झाला. त्या काळी मिरी, दालचिनी, सुंठ हा माल अरब व्यापाऱ्यांच्या हातून मिसर देशास व तेथून व्हेनिस शहरास जाई, आणि हातोहात त्याची किंमत वाढे. आफ्रिका खंडास वळसा घालून थेट मलबारास पोहोचावे, अशी पोर्तुगालच्या राजाची इच्छा होती. त्याकरिता मानुएल राजाने वास्कोची निवड केली. ८ जुलै १४९७ रोजी चार गलबते व सुमारे १७० माणसे घेऊन तो लिस्बनहून निघाला. अनुकूल वारा मिळावा म्हणून त्याने गलबते भर समुद्रात घातली, आणि सुमारे तीन महिने त्या लोकांस जमीन दिसली नाही. आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावर मालिंदी येथील राजाने त्यास एक जाणता वाटाड्या दिला. मोसमी वारा पाठीशी होता. म्हणून महिन्याच्या आत, २० मे १४९८ च्या सुमारास, तो कालिकतजवळ पोहोचला.

येथे आमच्या कोळी बांधवांस सहज कळेल अशी एक गोष्ट घडली. परत जाताना वास्कोने वाऱ्याची पर्वा केली नाही. पावसाळा सरला नव्हता, वारा उलटला नव्हता, तोच ऑगस्ट महिन्याच्या अखेरीस त्याने कालिकत सोडले. वाटेत कारवारजवळच्या अंजदीव बेटापाशी गलबतांची डागडुजी करून तो ऑक्टोबर महिन्यात भर समुद्रात शिरला. जो समुद्र येताना महिन्याच्या आत ओलांडला होता, त्यास आता सुमारे तीन महिने लागले. ताजे अन्न व फळे न मिळाल्यामुळे खलाशांच्या हिरड्या सुजल्या, हातपाय फुगले, आणि पुष्कळ माणसे मेली. जी सुमारे १७० माणसे निघाली होती, त्यांपैकी निम्मीही १४९९ मध्ये घरी परतली नाहीत. समुद्र आपल्या वेळेने चालतो, माणसाच्या हुकुमाने चालत नाही, हा धडा त्यास तेव्हाच मिळाला होता. परंतु तो त्याने मनावर घेतला असे दिसत नाही.

१५०२ मध्ये तो मोठे आरमार घेऊन पुन्हा आला. त्या सफरीत त्याने जे केले ते सांगताना लेखणी अडखळते, तथापि ते झाकून ठेविणे योग्य नाही. मक्केची यात्रा करून कालिकतास परतणारे एक तारू त्याने मलबारच्या किनाऱ्यापाशी अडविले. त्यात शेकडो माणसे होती. स्त्रिया होत्या, लेकरे होती. त्यांचे द्रव्य घेतल्यावर त्याने तारवास आग लावविली. आयांनी आपली मुले वर उचलून दयेची याचना केली, तरी त्याचे मन द्रवले नाही. काही मुले तेवढी काढून घेतली, बाकीचे सर्व लोक मेले. हे त्याच्या शत्रूंनी रचलेले कुभांड नव्हे. त्याच आरमारातील एका पोर्तुगीज मनुष्याने स्वतः पाहून लिहून ठेविले आहे. त्या गलबतांच्या शिडांवर क्रूसाचे चिन्ह होते. शेजारी आपणांस ह्या गोष्टीविषयी विचारतील, तर आपण मान फिरवू नये. क्रूस शिडावर रंगविणे सोपे आहे, तो खांद्यावर घेणे निराळे, एवढे उत्तर पुरे आहे.

त्यानंतर सुमारे वीस वर्षे तो आपल्या देशी राहिला. इकडे गोव्यात पोर्तुगीज अंमलदारांनी लाच व लूट यांचा कहर केला, तेव्हा राजाने त्यास व्हाइसरॉय नेमून उतारवयात तिसऱ्यांदा धाडिले. एप्रिल १५२४ मध्ये चौदा गलबते घेऊन तो निघाला, आणि सप्टेंबरात ह्या किनाऱ्याजवळ आला. गास्पार कोरेया नामक बखरकाराने पुढील प्रसंगाचे स्थळ दाभोळजवळ सांगितले आहे; दुसऱ्या एका बखरकाराने ते खंबायतच्या बाजूस धरिले आहे. प्रसंगाविषयी मात्र त्यांचे एकमत आहे.

पहाटेची वेळ होती. वारा पडला होता. एकाएकी सर्व गलबते थरथरू लागली. प्रत्येक गलबतावरील लोकांस वाटले की, आपले तळ खडकावर आदळले. एकच ओरड झाली. कोणी दोरीस शिसे बांधून पाण्याचा ठाव घेऊ लागले, तो ठाव लागेना. खडक नाही, वारा नाही, आणि गलबत तर हलते आहे! राहून राहून असे होत गेले. अखेरीस हा धरणीकंप आहे असे समजले, तेव्हा वास्कोने आपल्या लोकांस धीर देऊन सांगितले की, भिऊ नका, आनंद करा. हा समुद्रच आपल्या भयाने कांपत आहे. खलाशांचा जीव खाली पडला. परंतु ते बोल किती पोकळ होते, हे पुढे लवकरच दिसून आले.

गलबते का थरथरली, ह्याचे कारण आज शास्त्रास ठाऊक आहे. समुद्रतळाखालील खडक एकाएकी सरकला म्हणजे त्याचा धक्का पाण्यातून आवाजासारखा वर चढतो व गलबताच्या तळास लागतो. म्हणून खडकावर आपटल्याचा भास होतो. तळ उचलला गेला किंवा खचला, तर पाण्याची एक प्रचंड लाटही उठते. तिला त्सुनामी म्हणतात. खोल समुद्रात ती ताशी सातशे किलोमीटर, किंवा त्याहूनही अधिक वेगाने धावते, परंतु तेथे तिची उंची इतकी थोडी असते की गलबतातील माणसास तिचा पत्ताही लागत नाही. किनाऱ्याजवळ पाणी उथळ झाले की मग ती उभी राहते. २८ नोव्हेंबर १९४५ रोजी मकरानच्या समुद्रात भूकंप झाला, तेव्हा अशी लाट मुंबईपर्यंत आली व माणसे वाहून गेली. २६ डिसेंबर २००४ च्या लाटेने तर अनेक देशांत मिळून दोन लाखांहून अधिक माणसांचा बळी घेतला.

आता केळशीकडे वळू. दाभोळच्या उत्तरेस, भारजा नदी जेथे समुद्रास मिळते, तेथे हे गाव आहे. खाडीच्या मुखापाशी वाळूची एक मोठी टेकडी आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजातील पुरातत्त्वज्ञ अशोक मराठे यांनी तिचा अभ्यास केला. वाऱ्यानेही वाळूची टेकाडे होतात, परंतु ही टेकडी मोठ्या लाटेने आणून टाकिली असावी, असे मत त्यांनी मांडिले. पुढे भूकंपाच्या अभ्यासकांनी केळशी येथील वाळू व शिंपल्यांचा थर तपासला, आणि २०२१ मध्ये आपला लेख प्रसिद्ध करून त्याचा संबंध १५२४ च्या त्याच प्रसंगाशी जोडिला. ती लाट मकरानच्या बाजूने आली असावी, असे त्यांचे अनुमान आहे. जमिनीवर तिच्या भूकंपाची नोंद सापडत नाही, म्हणून तिला त्यांनी अनाथ त्सुनामी असे नाव दिले आहे.

वाचकहो, किती नवल आहे पाहा! व्हाइसरॉयाचे बोल लिहून ठेवण्यास बखरकार होते, परंतु केळशीच्या किनाऱ्यावरील गरिबांची नोंद करण्यास कोणी नव्हता. ती नोंद वाळूने व शिंपल्यांनी ठेविली.

आणि तो प्रतापी पुरुष? गोव्यास येऊन त्याने लाचखाऊ अंमलदारांस कडक शासन आरंभिले, परंतु लवकरच तो आजारी पडला, आणि २४ डिसेंबर १५२४ रोजी कोचीन येथे मरण पावला. समुद्र कांपला त्यास चार महिनेही झाले नव्हते. कोचीनच्या ज्या मंदिरात त्यास पुरिले, ते सेंट फ्रान्सिस चर्च पुढे डच प्रॉटेस्टंटांकडे व नंतर इंग्रजांकडे गेले, आणि आज ते दक्षिण हिंद मंडळीचे उपासनास्थान आहे. त्याची हाडे थोड्याच वर्षांनी पोर्तुगालास नेली. कबरेची जागा तेवढी राहिली आहे.

ईयोबाच्या ग्रंथात परमेश्वर विचारितो की, समुद्रास दारे व अडसर कोणी घातले. त्या प्रश्नापुढे ईयोब गप्प राहिला, वास्को मात्र गप्प राहिला नाही. आपण किनाऱ्यावर राहणाऱ्यांनी ईयोबाचा मार्ग धरावा. समुद्र आपणास भीत नाही हे जो जाणतो, तो सावध राहतो. म्हणून उपदेशकांनी आपल्या मंडळीतील मुलांस एवढे अवश्य शिकवावे : धरणीकंपाचा जोराचा धक्का बसला, किंवा ओहोटीची वेळ नसता समुद्र एकाएकी मागे हटला, तर उघड्या पडलेल्या पुळणीवर मासे वेचण्यास धावू नये. म्हाताऱ्याकोताऱ्यांस व लेकरांस घेऊन तत्काळ उंच जागी जावे, आणि पहिली लाट ओसरली म्हणून लगेच खाली उतरू नये, कारण तिच्यामागून दुसरी, तिसरी येते. असे वागणे भित्रेपणा नव्हे. ज्याने समुद्रास मर्यादा घातली, त्याने दिलेल्या बुद्धीचा तो उपयोग होय.