टिळकांनी आपला खटला आपणच चालविला

न्यायासनापुढे उभे राहण्याचा प्रसंग आला म्हणजे धीराच्या मनुष्याचीही वाचा बसते. सुभेदार फेलिक्स ह्याच्यापुढे प्रतिपक्षाने वक्ता उभा केला असता पौलाने आपले प्रत्युत्तर आपणच दिले, हे आपणांस ठाऊक आहे. आपल्या महाराष्ट्रातही असे करणारा एक पुरुष होऊन गेला. ते बाळ गंगाधर टिळक होत.

त्यांचा जन्म १८५६ साली रत्नागिरी येथे झाला. १८७९ त ते कायद्याची परीक्षा उतरले. परंतु वकिली न करिता त्यांनी पुण्यास शाळा काढण्यात व १८८१ पासून केसरी पत्र चालविण्यात आपले आयुष्य घातले. १८९७ साली त्यांजवर राजद्रोहाचा पहिला खटला झाला. तेव्हा त्यांनी नामांकित बॅरिस्टर दिले होते. तथापि दीड वर्षाची सक्तमजुरी झालीच.

पुढे १९०८ त मुजफ्फरपूर येथे बाँब पडला. त्यावरील केसरीतील लेखांबद्दल २४ जून रोजी त्यांस मुंबईत पकडण्यात आले. न्यायमूर्ती दावर ह्यांनी जामीन नाकारला. ह्याच दावरांनी १८९७ साली टिळकांचे बॅरिस्टर ह्या नात्याने त्यांस जामीन मिळवून दिला होता! १३ जुलै रोजी खटला सुरू झाला. ज्यूरीत सात युरोपियन व दोन पारशी होते. ह्या वेळी टिळकांनी आपली बाजू आपणच मांडण्याचे ठरविले. मित्र वकील केवळ साह्यास होते.

त्यांचे मुख्य म्हणणे भाषेविषयी होते. लेख मराठी, आणि ज्यूरीपुढे आले ते इंग्रजी भाषांतर. म्हणून सरकारी भाषांतरकाराची उलटतपासणी त्यांनी स्वतः केली, आणि मूळ शब्दाचा अर्थ भाषांतरात कसा पालटला हे एकेक शब्द घेऊन दाखविले. इतर वृत्तपत्रांतील लेखही त्यांनी पुराव्यादाखल पुढे ठेविले. त्यामुळे शेवटी बोलण्याचा हक्क सरकारपक्षाकडे गेला, हा तोटा मात्र त्यांस सोसावा लागला. १५ जुलैस आरंभिलेले त्यांचे भाषण २२ तारखेस संपले. ते एकंदर एकवीस तासांहून अधिक झाले.

त्याच रात्री सातांनी दोषी व दोघांनी निर्दोषी असे मत दिले. सहा वर्षे काळे पाणी व एक हजार रुपये दंड अशी शिक्षा झाली. ती पुढे साध्या कैदेची करण्यात येऊन टिळकांस ब्रह्मदेशात मंडाले येथे ठेविले. ते तेथे असता १९१२ त त्यांची पत्नी सत्यभामाबाई इकडे वारली. १९१४ त ते सुटले.

आता पुढील गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. १९१६ साली त्यांजवर पुनः भाषणांबद्दल जामिनकीचा हुकूम झाला, तेव्हा त्यांनी बॅरिस्टर जिना ह्यांस उभे केले, आणि हायकोर्टाने तो हुकूम रद्द केला. म्हणजे स्वतः बोलणे हा त्यांचा हट्ट नव्हता. स्वतः कायदा शिकलेल्या पुरुषासही जेव्हा जे योग्य वाटले तेव्हा ते त्याने केले. १ ऑगस्ट १९२० रोजी मुंबईत त्यांचा अंत झाला.

आपल्या चाकणकडील मनुष्यास जमिनीच्या किंवा दुसऱ्या तंट्यासाठी राजगुरुनगरच्या न्यायालयात जावे लागते. आपली बाजू आपण मांडण्यास आजही मुभा आहे. परंतु वकिलास पैसे नाहीत एवढ्याच कारणाने कोणी एकटे उभे राहू नये. १९८७ च्या कायद्याप्रमाणे स्त्रिया, मुले, कोठडीतील मनुष्य व ठरीव मर्यादेहून कमी उत्पन्नाचे लोक ह्यांस फुकट वकील मिळतो. त्यासाठी तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करावा. वकील असो वा नसो, आपला प्रत्येक कागद आपल्या भाषेत समजून घेतल्यावाचून त्यावर सही किंवा अंगठा करू नये, त्याची नक्कल जवळ ठेवावी, आणि नेमलेली तारीख चुकवू नये. टिळकांचे बळ मोठ्या आवाजात नव्हते. आपल्या लेखातील शब्द न् शब्द त्यांस ठाऊक होता, ह्यात होते.