गळ्याची गाठ आणि कुर्तुबाचे हकीम अबुल कासिम जहरावी

हिंगोली, वसमत, कळमनुरी, कुठेही जा. नात्यात एखादी खाला किंवा फुफी अशी असतेच, जिच्या गळ्यात गाठ आहे आणि ती तिनं ओढणीआड लपवलीय. दाखवायला गेलं की डॉक्टर ऑपरेशनच सांगतील, नाहीतर कॅन्सरचं नाव घेतील, ही भीती. याच गाठीचा विचार हजार वर्षांपूर्वी एका मुसलमान तबीबानं केला होता. आज आपण त्यांची ओळख करून घेऊ.

अबुल कासिम खलफ बिन अब्बास अल-जहरावी यांचा जन्म सुमारे ९३६ चा. अंदलुस, म्हणजे आजच्या स्पेनमधलं मदीनतुज्जहरा हे त्यांचं गाव. राजधानी कुर्तुबा तिथून जवळच. त्यांच्या नावाला अन्सारी ही निसबतही लागते, म्हणजे घराणं मदिनेच्या अन्सारांशी नातं सांगणारं. त्यांच्या घरगुती आयुष्याची माहिती फार थोडी मिळते. पुढे यादवीत ते सुंदर शहरच उद्ध्वस्त झालं. म्हणून त्यांना भेटायचं ते त्यांच्या किताबातच.

सुमारे १००० साली पूर्ण झालेल्या ‘किताबुत्तसरीफ’चे ३० भाग आहेत. शेवटचा भाग शस्त्रक्रियेचा: डागणं, चिरणं आणि मोडलेली हाडं बसवणं. त्यात सुमारे २०० हत्यारांची चित्रं आहेत. शागिर्दांशी ते मुलांशी बोलावं तसं बोलतात, आणि सुरुवातीलाच त्यांना सावध करतात. एका अडाणी वैद्यानं एका बाईच्या मानेवरची गाठ चिरली, रक्तवाहिन्या कापल्या गेल्या आणि ती त्याच्यासमोरच रक्त जाऊन वारली. हे जहरावींनी स्वतः पाहिलं होतं. शरीराची रचना न शिकता हत्यार उचलू नका, हा त्यांचा धडा तिथूनच येतो.

थायरॉइड ग्रंथी हे नाव तेव्हा नव्हतं. गळ्याच्या मोठ्या सुजेला अरबीत ‘गळ्याचा हत्ती’ म्हणत. जहरावी सांगतात की ती बायकांमध्ये जास्त दिसते. जन्मजात असेल तर हात लावू नये. नंतर आलेली असेल तर तिचे दोन प्रकार: एक चरबीच्या आवाळूसारखी, दुसरी रक्तवाहिनीच्या फुग्यासारखी. दुसरी चिरणं धोक्याचं. म्हणून आधी टोकदार सळईनं टोचून आत काय आहे ते तपासायचं. आवाळूसारखी निघाली आणि रक्तवाहिनीला चिकटलेली नसली, तरच काढायची.

याचा अर्थ ते घाबरट होते असा नाही. एका दासीनं स्वतःचा गळा कापून घेतला, तेव्हा त्यांनी ती जखम शिवली. ती बरी झाली. आवाज तेवढा बसका राहिला. कधी हात घालायचा आणि कधी आवरायचा, हे त्यांना कळत होतं.

सुमारे १०१३ मध्ये त्यांचा इंतकाल झाला. बाराव्या शतकात शस्त्रक्रियेचा हा भाग लॅटिनमध्ये गेला आणि युरोपचे सर्जन कित्येक शतकं त्यावर शिकले.

आता आपल्या खालाकडे येऊ. आज सळईऐवजी बारीक सुई आहे. टीएसएचची रक्ततपासणी आणि सोनोग्राफी करतात. गाठीचं रूप आणि आकार पाहून गरज वाटली तर सुईनं थोड्या पेशी घेऊन तपासतात. त्याला एफएनएसी म्हणतात. आजही या गाठी बायकांमध्येच जास्त आढळतात, आणि बहुतेक गाठी साध्या निघतात, कॅन्सरच्या नसतात. साधी, लहान, त्रास न देणारी गाठ असेल तर ऑपरेशन लागत नाही. डॉक्टर सांगतील तेव्हा पुन्हा सोनोग्राफी करून नजर ठेवायची, बस्स. पण गाठ भराभर वाढतेय, घट्ट लागतेय, आवाज बसलाय, गिळायला किंवा श्वास घ्यायला त्रास होतोय, तर एक दिवसही टाळू नका.

जहरावींकडे ना सोनोग्राफी होती, ना भूल देणारा डॉक्टर. तरीही आधी तपास, मग फैसला, हा कायदा त्यांनी सोडला नाही. आपण तर हिंगोलीहून नांदेडला सहज जाऊ शकतो. तेव्हा खालाला ओढणी बाजूला करायला सांगा आणि दवाखान्यात न्या. दुआ तर करूच, पण इलाज करणं हीसुद्धा सुन्नतच आहे. अल्लाह सर्वांना शिफा देवो. आमीन.