रान जाळणारा थोरो

तळ्याकाठची झोपडी, धुकं आणि वर थोरोचं एखादं वाक्य. अशी पोस्ट तुमच्या इन्स्टावर कधी ना कधी आलीच असेल. सगळं सोडून जंगलात राहायला गेलेला अमेरिकन लेखक, एवढीच त्याची ओळख आपल्याला असते. परीक्षेच्या आदल्या रात्री मला तर त्याचा भयंकर हेवा वाटायचा. पण तो तिथे गेला तेव्हा त्याच्या मागे काय काय होतं, हे त्या पोस्टमध्ये नसतं.

हेन्री डेव्हिड थोरो १८१७ साली मॅसॅच्युसेट्समधल्या कॉनकॉर्ड गावात जन्मला. घरचा धंदा पेन्सिली बनवायचा. हार्वर्डमधून शिकून तो गावी परतला, शाळेत नोकरीला लागला आणि मुलांना छड्या माराव्या लागतात म्हणून काही दिवसांतच ती सोडून मोकळा झाला. मग मोठा भाऊ जॉन आणि त्याने मिळून स्वतःची शाळा चालवली. मुलांना ते रानात फिरायला न्यायचे. १८३९ मध्ये दोघं भाऊ स्वतः बांधलेल्या होडीतून नदीच्या सफरीवर गेले. पुढे दोघांनी एकाच मुलीला मागणी घातली (हो, खरंच!) आणि तिने दोघांनाही नकार दिला.

जानेवारी १८४२. वस्तऱ्याला धार लावताना जॉनच्या बोटाला कापलं. जखम अगदी किरकोळ, पण धनुर्वात झाला. लस वगैरे तेव्हा नव्हतीच. जॉनने हेन्रीच्या मिठीत प्राण सोडला. थोड्याच दिवसांनी हेन्रीच्या अंगातही तीच लक्षणं दिसायला लागली. घरचे हादरले. त्याला तर कुठेच कापलं नव्हतं! शोकानेच शरीर असं वागत होतं. त्यातून तो हळूहळू सावरला.

दोन वर्षांनी आणखी एक प्रकार झाला. मित्राबरोबर मासे पकडून ते शिजवायला त्याने चूल पेटवली. वाळलेल्या गवताने पेट घेतला आणि बघता बघता ३०० एकरांहून जास्त जंगल जळालं. आज ज्याचं नाव निसर्गप्रेमाशी जोडलं जातं, त्याला गावकरी पुढे कित्येक वर्षं रान जाळणारा म्हणून टोमणे मारत होते. आपल्या डायरीत हे लिहायला त्याला सहा वर्षं लागली.

आता ती झोपडी. ४ जुलै १८४५ ला तो वॉल्डन तळ्याकाठी राहायला गेला. जागा इमर्सनची, खोली दहा बाय पंधरा फुटांची, खर्च २८ डॉलर आणि काही सेंट. वय फक्त सत्तावीस. तो संन्यासीबिन्यासी अजिबात नव्हता. घर चालत जाण्याच्या अंतरावर होतं आणि तिथे तो जेवायलाही जायचा. यावरून आजही त्याची चेष्टा होते. मला ती फालतू वाटते, कारण तिथे बसून त्याने काय लिहिलं ते बघा. जॉनबरोबरच्या त्या नदीसफरीचं पुस्तक! भावासाठी त्याला शांत जागा हवी होती.

तिथेच तो भगवद्गीता वाचायचा, इंग्रजी भाषांतरातून. हिवाळ्यात मजूर तळ्यातला बर्फ कापायला यायचे. त्या काळी न्यू इंग्लंडचा बर्फ जहाजाने कलकत्ता, मद्रास आणि आपल्या मुंबईपर्यंत जायचा. गीता तिकडे आली आणि बर्फ इकडे, ही देवाणघेवाण त्याला फार आवडली होती.

भावावरचं पुस्तक १८४९ मध्ये छापलं. हजार प्रतींपैकी ७०६ प्रकाशकाने त्याच्या घरी परत पाठवल्या. स्वतःच लिहिलेल्या पुस्तकांनी आपली लायब्ररी भरली, असा विनोद त्याने केला. ‘वॉल्डन’ १८५४ मध्ये आलं, तेही अनेकदा नव्याने लिहून. दुर्गा भागवतांनी ते मराठीत आणलंय, लायब्ररीत शोधा.

शेवटच्या वर्षांत त्याला एकच नाद होता. तोडलेलं जंगल पुन्हा कसं उगवतं? खारी बिया कुठे पुरतात, वारा त्या कुठवर नेतो, हे तो नोंदवत राहिला. १८६० मध्ये त्याने यावर भाषणही दिलं. त्याच डिसेंबरात कडाक्याच्या थंडीत बुंध्यांवरची वर्तुळं मोजताना त्याला सर्दी झाली. ती छातीत उतरली आणि जुना क्षय उफाळला. ६ मे १८६२ रोजी कॉनकॉर्डमध्येच तो गेला, चव्वेचाळिसाव्या वर्षी. बियांवरचं पुस्तक अर्धवटच राहिलं.