मॅगसेसे : पुरस्कारामागचा माणूस

विनोबा भावे, चिंतामणराव देशमुख, डॉ. रजनीकांत आणि मेबल आरोळे, बाबा आमटे, प्रकाश आणि मंदाकिनी आमटे... ही नावं एका दमात घेतली की पुढचा शब्द आपोआप ओठांवर येतो : मॅगसेसे! क्विझ असो की कॅम्पस इंटरव्ह्यूची तयारी, हा पुरस्कार आपल्या सगळ्यांना पाठ असतो. पण हे मॅगसेसे कोण? आमच्या होस्टेलच्या मजल्यावर मी सहज विचारून पाहिलं. एकीच्या मते शास्त्रज्ञ, दुसरीच्या मते मिशनरी!

कॉन्व्हेंटमध्ये असताना आम्हाला संतांची चरित्रं भरपूर ऐकवली गेली. त्यामुळे एकही डाग नसलेला माणूस कुणी समोर ठेवला की मला जरा संशयच येतो. रॅमन मॅगसेसे संत वगैरे नव्हते. ते गॅरेजमधून राजकारणात आलेले फिलिपिन्सचे राष्ट्राध्यक्ष होते, आणि मी स्वतः मेकॅनिकलची असल्यामुळे ही गोष्ट मला फारच भावली. (त्यांच्या भाषेत आडनावाचा उच्चार मागसायसाय असा आहे. आपण मात्र मॅगसेसेच म्हणूया.)

रॅमनचा जन्म 31 ऑगस्ट 1907 रोजी झाम्बालेस प्रांतातल्या इबा गावचा. आई शिक्षिका, वडील लोहारकाम आणि सुतारकाम जाणणारे. वडील शाळेत सुतारकाम शिकवायचे. त्यांनी वरिष्ठ अधिकाऱ्याच्या मुलाला नापास केलं आणि त्यामुळे त्यांची नोकरी गेली, असं त्यांच्या चरित्रात सांगतात. मग कुटुंब कास्टिलेहोस गावी गेलं, तिथे दुकान आणि लोहारकाम सुरू झालं. 1927 साली रॅमनने मनिलाच्या युनिव्हर्सिटी ऑफ द फिलिपिन्समध्ये इंजिनिअरिंगसाठी नाव घातलं. फीसाठी ड्रायव्हरकी केली. पण ते शिक्षण काही पुरं झालं नाही. शेवटी कॉमर्सची पदवी घेऊन तो एका बस कंपनीत मेकॅनिक म्हणून लागला आणि पुढे तिथेच मॅनेजर झाला. म्हणजे आपल्या भाषेत सांगायचं तर ड्रॉपआउट!

दुसऱ्या महायुद्धात जपानने फिलिपिन्स घेतलं तेव्हा मॅगसेसे झाम्बालेसच्या डोंगरांत गनिमी लढाई लढले. 1946 मध्ये देश अमेरिकेपासून स्वतंत्र झाला आणि त्याच वर्षी ते लिबरल पक्षातर्फे खासदार झाले.

स्वातंत्र्य आलं, पण कुणासाठी? जमीन मूठभर जमीनदारांकडे, कुळं कर्जात बुडालेली, सरकारी कचेरीत पैशाशिवाय कागद हलत नाही. मध्य लुझॉनमधल्या शेतकऱ्यांनी कम्युनिस्टांच्या नेतृत्वाखाली शस्त्रं उचलली होती. त्यांना हुक म्हणत. त्यातच 1949 ची निवडणूक इतकी गैरप्रकारांनी भरलेली होती, की लानाओ प्रांतात मेलेली माणसंच काय, पक्षी आणि फुलंसुद्धा मत देऊन गेली असं लोक म्हणू लागले.

अशा वेळी, सप्टेंबर 1950 मध्ये, राष्ट्राध्यक्ष एल्पिदियो किरिनो यांनी मॅगसेसेंना संरक्षणमंत्री केलं. इथून खरी गोष्ट सुरू होते.

त्यांनी आधी शत्रूकडे न बघता स्वतःच्या सैन्याकडे बघितलं. सैनिकाला खाण्यापिण्यासाठी दिवसाला 30 सेंटाव्हो मिळायचे, मग तो गावातल्या कोंबड्या उचलायचा आणि गाव हुकांच्या बाजूला जायचं. मॅगसेसेंनी तो भत्ता 1 पेसो केला. वेळीअवेळी, न सांगता चौक्यांवर जाऊन धडकू लागले. आळशी अधिकाऱ्याला जागच्या जागी घरी, चांगल्याला तिथेच बढती! दुसरं म्हणजे, कुठल्याही गावकऱ्याला फक्त 10 सेंटाव्होमध्ये थेट मंत्र्यांना तार करता येईल अशी सोय केली. शरण आलेल्या बंडखोरांना मिंदानाओ बेटावर जमीन देण्याची योजनाही सुरू झाली. आपण कंट्रोल सिस्टिम्समध्ये फीडबॅक लूप शिकतो ना, ही तार म्हणजे अगदी तेच होतं. आउटपुट बिघडलं की त्याची खबर वरपर्यंत पोचलीच पाहिजे.

1951 च्या निवडणुकीत त्यांनी मतदान केंद्रांवर सैनिक आणि कॉलेजचे कॅडेट उभे केले. मोजणी नीट झाली आणि निकाल काय लागला? सिनेटच्या सगळ्या जागा विरोधी पक्षाकडे! स्वतःच्याच सरकारला हरवणारी निवडणूक घेणारा मंत्री मी तरी दुसरा ऐकलेला नाही.

पण याच निवडणुकीत नेग्रोस बेटावर मोइसेस पादिया या उमेदवाराचा छळ करून खून झाला. तो नगराध्यक्षपदासाठी सत्ताधाऱ्यांविरुद्ध उभा होता. मॅगसेसे विमानाने तिथे पोचले, पण उशीर झाला होता. त्यांनी ते प्रेत स्वतःच्या हातांवर उचलून नेलं. प्रांताचा गव्हर्नर राफाएल लाक्सोन सत्ताधारी पक्षाचा, तरी त्याच्यावर खटला चालला आणि 1954 मध्ये तो दोषी ठरला.

सरकारातला भ्रष्टाचार एका खात्यात बसून संपणार नाही हे आता मॅगसेसेंना कळून चुकलं. 28 फेब्रुवारी 1953 ला त्यांनी राजीनामा दिला आणि विरोधी नासिओनालिस्ता पक्षातर्फे किरिनोंविरुद्धच उभे राहिले.

तोपर्यंत प्रचाराची रीत ठरलेली होती. उमेदवार गावच्या पुढाऱ्याला किंवा जमीनदाराला भेटणार, आणि तो आपल्या कुळांची मतं गठ्ठ्याने देणार. मॅगसेसेंनी हा मधला माणूसच काढून टाकला. साधी पँट आणि रंगीबेरंगी शर्ट घालून ते बारिओ म्हणजे वाड्यावस्त्यांवर गेले, चिखलात उतरले, हात मिळवले. विद्यार्थी, गृहिणी, शिक्षक यांची चळवळ उभी राहिली. राउल मांगलापुस यांनी मॅम्बोच्या ठेक्यावर प्रचाराचं गाणं रचलं, तेही गाजलं. 10 नोव्हेंबर 1953 ला मॅगसेसेंना 29 लाखांवर मतं पडली, किरिनोंना 13 लाख. सुमारे 69 टक्के!

आता डागाची गोष्ट. या सगळ्यात अमेरिकेचा हात होता. सी. आय. ए. साठी काम करणारे एडवर्ड लान्सडेल हे मॅगसेसेंचे अगदी जवळचे सल्लागार होते, आणि प्रचारालाही अमेरिकन मदत झाली. कम्युनिस्टांना रोखायला अमेरिकेला असाच माणूस हवा होता. स्वच्छ राजकारणाच्या उमेदवाराला परक्या देशाची मदत चालते का? मला विचाराल तर नाही चालत. पण चिखल तुडवत मत द्यायला गेलेली माणसं काही अमेरिकेतून आली नव्हती, हेही खरं.

30 डिसेंबर 1953 ला त्यांनी सूटबूट न घालता देशी बारोंग घालून शपथ घेतली आणि मालाकान्यांग राजवाड्याचे दरवाजे लोकांना उघडले. तारेचीच कल्पना मोठी करून तक्रार निवारण समिती नेमली. पहिल्याच वर्षात तिच्याकडे सुमारे 60 हजार तक्रारी आल्या. पूल-रस्त्यांना मॅगसेसे नाव द्यायला त्यांनी बंदी केली. मे 1954 मध्ये हुकांचा नेता लुईस तारुक शरण आला. त्याच्याशी बोलणी करायला गेलेला पत्रकार, बेनिग्नो अकिनो, फक्त 21 वर्षांचा होता. म्हणजे आपल्याच वयाचा!

पण जमिनीचा प्रश्न सुटला नाही. काँग्रेसमध्ये जमीनदारच बसलेले. 1955 चा जमीन सुधारणा कायदा त्यांनी इतका पातळ केला, की 300 हेक्टरपर्यंतच्या जमिनीला हातच लागेना.

17 मार्च 1957 च्या पहाटे सेबूहून मनिलाला निघालेलं त्यांचं विमान मानुंगगाल डोंगरावर कोसळलं. 26 पैकी एक पत्रकार वाचला. मॅगसेसे 49 वर्षांचे होते. त्याच वर्षी त्यांच्या नावाने पुरस्कार सुरू झाला आणि 1958 च्या पहिल्या मानकऱ्यांत आपले विनोबा होते.

मॅगसेसे गेले आणि बरंचसं काम थांबलं, कारण फीडबॅकची प्रत्येक तार एकाच माणसापर्यंत जात होती. तो नसेल तर सर्किटच तुटतं. ही त्यांच्या आयुष्यातली सर्वात मोठी उणीव मला वाटते. प्रामाणिक नेता निवडून आणणं लोकांनी करून दाखवलं, पण त्याच्यामागे ती यंत्रणा चालू ठेवणारे हजारो लहान प्रामाणिक लोक लागतात, ते तयार झाले नाहीत.

मित्रमैत्रिणींनो, उद्या आपल्यातले काही जण सरकारी खात्यांत इंजिनिअर होतील. पुलाच्या सिमेंटवर आणि रस्त्याच्या बिलावर आपली सही असेल. राष्ट्राध्यक्ष आपण बहुतेक होणार नाही. पण साहेबांच्या मुलाला नापास करणारा सुतारकामाचा मास्तर मात्र आपल्यापैकी कुणालाही होता येईल.