जयकरांचा वारसा आणि पुणे विद्यापीठ

गणेशखिंडीतील विद्यापीठाच्या ग्रंथालयाला बॅ. जयकरांचे नाव आहे. त्या नावामागील कर्तृत्व मात्र आज फारसे कोणाच्या स्मरणात नाही. ते विस्मरण केवळ एका व्यक्तीचे नसून विद्यापीठ कशासाठी असते या विचाराचेही आहे.

मुकुंद रामराव जयकर यांचा जन्म १३ नोव्हेंबर १८७३ चा. १९०५ साली बॅरिस्टर होऊन त्यांनी मुंबई उच्च न्यायालयात वकिलीस प्रारंभ केला. जालियनवाला बाग हत्याकांडाच्या चौकशीसाठी काँग्रेसने नेमलेल्या समितीत ते गांधीजींसमवेत होते. पुढे मुंबईच्या कायदेमंडळात त्यांनी स्वराज्य पक्षाचे नेतृत्व केले. १९२७ साली नेमलेल्या रस्तेविकास समितीचे ते अध्यक्ष होते. पेट्रोलवरील जादा कराचे उत्पन्न रस्त्यांसाठीच राखून ठेवावे, ही तिची शिफारस स्वीकारली जाऊन १९२९ साली केंद्रीय रस्ते निधी उभा राहिला. कार्य हाती घ्यावयाचे तर त्याच्या खर्चाची कायम तरतूदही करावयाची, ही जयकरांची दृष्टी त्यातून दिसते. १९३७ साली ते फेडरल कोर्टाचे न्यायाधीश झाले व नंतर प्रिव्ही कौन्सिलवर गेले.

सरकार आणि काँग्रेस यांच्यात तेजबहादूर सप्रूंसह मध्यस्थी करणाऱ्या या नेमस्त पुढाऱ्याला राजकारणात लोकप्रियता लाभली नाही. त्यांच्या हातून चिरस्थायी कार्य झाले ते शिक्षणक्षेत्रात. महाराष्ट्रासाठी स्वतंत्र विद्यापीठ असावे काय, याचा विचार करण्यासाठी १९४२ साली मुंबई सरकारने नेमलेल्या समितीचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. १९४८ साली कायदा संमत झाला व १० फेब्रुवारी १९४९ रोजी पुणे विद्यापीठ स्थापन झाले. पहिल्या कुलगुरूपदाची धुरा स्वीकारताना जयकर पंचाहत्तरीच्या उंबरठ्यावर होते. १९५६ पर्यंत ती त्यांनी वाहिली. एके काळी गव्हर्नरचे निवासस्थान असलेली वास्तू व सुमारे ४११ एकरांचे आवार बाळासाहेब खेरांच्या सरकारने विद्यापीठास दिले. १० मार्च १९५९ रोजी जयकर निवर्तले.

आरंभी या विद्यापीठाच्या कक्षेत १२ जिल्हे, १८ महाविद्यालये आणि आठ हजारांवर विद्यार्थी होते. १९६२ साली कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठ आणि १९९० साली जळगावला उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ निघाले. परिणामी पुणे, नाशिक व आजचा अहिल्यानगर एवढेच जिल्हे त्याच्याकडे राहिले. २०१४ साली त्यास सावित्रीबाई फुले यांचे नाव देण्यात आले. प्रदेश आकसला, तरी संलग्न महाविद्यालयांची संख्या शेकडोंच्या घरात गेली.

हा विस्तार निश्चितच स्वागतार्ह आहे. खेड्यातील मुलामुलींना पदवीचा मार्ग त्यानेच खुला केला. परंतु मुंबई विद्यापीठ १८५७ साली केवळ परीक्षा घेणारी संस्था म्हणून निघाले, त्याच वळणावर प्रादेशिक विद्यापीठे पुन्हा जाणार असतील, तर ती वेगळी काढण्याचे प्रयोजन काय उरले? संलग्नता, वेळापत्रके आणि निकाल यांतच प्रशासनाची शक्ती खर्ची पडते, तर अध्यापकांच्या जागा वर्षानुवर्षे रिक्त राहतात. परीक्षा शुल्कावर परीक्षा चालतात. संशोधन चालत नाही. त्याला शासनाच्या निश्चित व पुरेशा अनुदानाचाच आधार लागतो. रस्त्यांसाठी जयकरांनी जे तत्त्व मांडले, ते विद्यापीठालाही तितकेच लागू आहे. अध्यापन व संशोधन यांसाठी राखीव, कायमस्वरूपी निधी उभारणे हेच त्यांचे उचित स्मारक होय.